दशमीचं पाणी: मालवणात पाण्याखाली बघायचं आणि सुरूच्या सावलीत चालायचं असेल तर

मालवणला जायचं ठरलं की लोक आधी राहायची जागा बघतात, मग गाडी, मग रजा. मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढते आणि दशमी कुठल्या वारी येतेय ते पाहते. शुद्ध असो की वद्य, दोन्ही चालतात. दशमी किंवा एकादशी हाताशी आली की बाकीचं सगळं तिच्याभोवती बसवते.

माझं माहेर मालवण तालुक्यातलं, सासर कोल्हापूर. लहानपणी समुद्र रोजचाच होता, पण आमच्या घरातल्या बायका गुडघ्याच्या वर पाण्यात जात नसत. डोळ्यांना मास्क आणि तोंडात नळी लावून त्या पाण्याखाली काय आहे ते मी बघितलं (याला स्नॉर्कलिंग म्हणतात) चाळिशी उलटल्यावर. तेव्हापासून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत दोनदा तरी जाते. मैत्रिणी, त्यांच्या लेकी, लेकींच्या मैत्रिणी विचारत असतात: कसं जायचं, काय घ्यायचं, पोहता येत नाही तर चालेल का. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

पाऊणकी

माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) सगळी तोंडपाठ होती. भरतीचं त्यांचं गणित असं: तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि पुन्हा संध्याकाळी सहा-साडेसहाला. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, म्हणून पाऊण तासाचा हा हिशोब जमतो. अर्धा-पाऊण तास इकडचं तिकडे होतं, पण बेत आखायला पुरतं. फोनवर भरतीचं कोष्टक मिळतंच. मी दोन्ही ताडून बघते.

आता दशमीच का? पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, त्यामुळे ओढ जास्त आणि तळाचा गाळ सतत ढवळलेला. अष्टमीनंतर भांग लागतो, म्हणजे चढ-उतार कमी, पाणी जागच्या जागी असल्यासारखं. भांग दशमीच्या सुमाराला चांगला मुरलेला असतो आणि त्यात दशमी-एकादशीची भरती नेमकी सकाळी साडेसात-आठला येते. बाहेरचं स्वच्छ पाणी भरतीबरोबर आत आलेलं असतं आणि अजून फारसं परत फिरलेलं नसतं. साडेआठ ते दहा हा तुमचा वेळ. त्याआधी सूर्य खाली असतो, पाण्यात उजेड नीट उतरत नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात रात्रभर जमीन थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. हा मतलई वारा. तो असेपर्यंत समुद्र परातीतल्या पाण्यासारखा. अकराच्या पुढे जमीन तापली की खारा वारा उलटा फिरतो, पाण्यावर सुरकुत्या येतात, मग लाटा, आणि बोट डुलायला लागते. दुपारी बाराला स्नॉर्कलिंगला नेतो असं कुणी म्हटलं तर मी जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका असं मनापासून सांगते.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. २०१३ च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा, शनिवार, भर दुपार. कोल्हापूरहून आम्ही आठ जणी गेलो होतो. जी बोट मिळाली तीत आधीच माणसं गच्च होती. मास्क आदल्या माणसाच्या तोंडावरून काढला तो तसाच माझ्या तोंडाला लावला. दोन मिनिटांत नाकात पाणी. बरोबरच्या माणसानं दंडाला धरून मला खाली दाबलं, पावाचे तुकडे टाकले, मासे गोळा झाले, फोटो काढला, आणि पुढच्या बाईचा नंबर. पाण्याचा रंग ताकासारखा. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे मी घाबरून पाय टेकले ते दगड समजून, आणि ते प्रवाळ होतं. तळपायाखाली काहीतरी कुडकन मोडलं. तो स्पर्श अजून पायाला आठवतो.

आधी चिवल्यावर, कमरेइतक्या पाण्यात

पुढच्या वर्षी भाच्यानं शिकवलं. तो बोटीवर असतो. बोटीत बसायच्या आधी त्यानं मला दोन सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर नेलं. चिवला मालवण गावातच आहे, मागे माडांची रांग, पुढे पाणी शांत. डिसेंबरात इथे समुद्रात पोहण्याच्या मोठ्या स्पर्धा होतात, तेवढे दिवस सोडले तर सकाळी सातला तुम्ही आणि दोन-चार मच्छीमार एवढीच माणसं. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथं तरंगता येतं. पण ते तरंगणं आधी इथे, पाय टेकतील अशा पाण्यात शिकायचं. थेट बोटीवरून दोन पुरुष खोल पाण्यात उतरून नाही.

मास्क स्वतःचा घ्या. सगळ्या खर्चात हा एकच खर्च मी टाळू देत नाही. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर धरायचा आणि नाकानं हळूच श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क जागेवर चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. पडला तर कितीही महाग असो, तुमचा नाही. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. माझा उणे साडेतीनचा आहे, त्याच्याशिवाय मला खाली नुसते रंगीत डाग दिसले असते. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं बोटानं चोळून दोन-तीनदा धुवून काढायचा. नाहीतर काच धुरकटते ती धुरकटतेच. आणि पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येक वेळी काचेवर आतून थुंकी चोळून खळबळून टाकायची. बायका आधी तोंड वाकडं करतात, पण याहून चांगला उपाय मला मिळालेला नाही.

त्या सकाळी डोक्याला तेल नको. खोबरेल कपाळावर उतरलं की मास्कची कड सरकते. केस घट्ट मागे बांधा, कपाळावरची एक बटसुद्धा कडेखाली राहिली तर तिथून पाणी झिरपतं. बरोबर मिशीवाले असतील तर त्यांनी वरच्या ओठाला व्हॅसलिन लावायचं.

नळी तोंडात धरली की पहिलं अर्धं मिनिट छाती धडधडते. नाक बंद आहे हे मेंदूला पटत नाही. माणूस भराभर, वरवर श्वास घेतो, नळीतली तीच वापरलेली हवा परत आत येते आणि मग खरंच गुदमरल्यासारखं होतं. उपाय एकच: श्वास सोडणं लांबवायचं. मी मनात चार अंक मोजत घेते आणि सहा मोजत सोडते. नळीत पाणी आलं तर ‘टू’ म्हणत जोरात फुंकर मारायची, पाणी वरून उडून जातं. मास्कमध्ये आलं तर डोकं किंचित वर, मास्कची वरची कड बोटांनी दाबायची आणि नाकानं हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. या दोन गोष्टी कमरेइतक्या पाण्यात दहा-दहा वेळा करा. दहाव्या वेळेला भीती गेलेली असते.

मी हात-पाय मारत होते तेव्हा भाचा म्हणाला, ‘‘आते, घाबरू नको गो. अंग सैल सोड, पाणी धरता तुका.’’ खाऱ्या पाण्याचं हे खरंच आहे, ते धरतं. मान सैल, नजर सरळ खाली, हात पाठीवर किंवा मांड्यांशी, पाय कमरेपासून हळू हलवायचे, सायकल चालवल्यासारखे गुडघ्यातून नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे, अंगाबरोबरचे. पाठ आणि पोटऱ्या भाजतात आणि पाण्यात असेपर्यंत कळत नाही. सनस्क्रीन अंगभर थापण्यापेक्षा कापड बरं. काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक ठरतात; हवाई बेटांवर २०२१ पासून तशी दोन रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे. चेहऱ्याला लावायचंच तर झिंक असलेलं, आणि उतरायच्या बरंच आधी.

दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावरच बसा.

बोट आणि तो दीड तास

बोटी मालवणच्या धक्क्यावरून आणि दांडीच्या किनाऱ्यावरून निघतात. आदल्या संध्याकाळी जाऊन प्रत्यक्ष बोला. मी चार गोष्टी विचारते. बोटीत किती माणसं असतील? सकाळी साडेआठला पाण्यात सोडाल का? मास्क माझा आहे, चालेल ना? आणि माशांना पाव घालणार नाही ना? शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस कसा बघतो त्यावरून मला बोट कळते. पाव-बिस्किटं खाऊन मासे शेवाळ खायचं सोडतात, शेवाळ वाढून प्रवाळावर चढतं, आणि माशांची झुंबड माणसांना बोचकारायलाही कमी करत नाही. न घालताही मासे येतात, फक्त पाच मिनिटं निवांत पडून राहावं लागतं. लाइफ जॅकेट मापाचं आहे का, खालचे पट्टे आहेत का, हे बोटीत चढताना बघा. बोटीच्या अंगावर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, तोही.

पोट रिकामं नको, भरलेलंही नको. वाटीभर पेज आणि लोणच्याची फोड, तासभर आधी. बोट लागत असेल तर आलेपाकाची वडी दाढेत धरा. पोहे-मिसळ परत आल्यावर.

बोट जाते ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं हे पाणी म्हणजे मालवण सागरी अभयारण्य. १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं, त्यातला तीनेक चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या भोवतालचा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं तेव्हा ही जागा निवडली ती आजूबाजूच्या याच खडपांमुळे. पाण्याखालचे खडक शत्रूच्या जहाजांना जवळ येऊ देत नसत, आणि त्याच खडकांवर प्रवाळ वाढलं.

तोंड पाण्यात घातलं की आधी कान चकित होतात. खाली शांतता नसते. तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज चहूकडून येत असतो, अगदी बारीक, अखंड. मला पहिल्यांदा वाटलं नळी फुटली. ती चिमुकल्या कोळंब्यांची करामत. त्यांचा एक नांगा मोठा असतो, तो इतक्या वेगानं मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्या फुटण्याचा तो आवाज. खडपाच्या भेगाभेगांतून अशा हजारो बसलेल्या असतात. दिसत एक नाही. हा आवाज ऐकू आला की मी निवांत होते, खाली घर भरलेलं आहे असं वाटतं.

मग डोळे सरावतात. पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे घातलेले हातभर... नाही, वीतभरसुद्धा नाहीत, तळहाताएवढे मासे टोळीनं येतात आणि थेट काचेपाशी थांबतात. पोपटमासा खडकावर दात घासत असतो. केंड दिसतं, गोल डोळ्यांचं, त्याला डिवचून फुगवायला लावणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. त्या फुगण्यात त्याचा जीव दमतो. खडकाच्या खोबणीत लांब काट्यांचे काळे समुद्री साळू. प्रवाळ म्हणजे सिनेमात दाखवतात तशी लाल-गुलाबी झाडी इथे नाही. इथलं प्रवाळ बहुतेक घुमटासारखं, पानासारखं, तपकिरी, मातकट, हिरवट. जवळून बघितलं तर अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक घरं असतात आणि प्रत्येक घरात एक जीव. घुमटासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे मी त्या दिवशी पायाखाली मोडला तो एखादा वीतभर तुकडा असेल तर वीसेक वर्षांचा.

कुठे कुठे पांढरे डाग दिसतील. पाणी फार तापलं की प्रवाळाच्या अंगात राहून त्याला खायला घालणारं शेवाळ बाहेर पडतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. पाणी लवकर निवलं तर जीव सावरतो, नाही तर मरतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभर असं चौथं मोठं विरंजन सुरू असल्याचं जाहीर झालं. आपल्या खडपांनाही ऊन तेवढंच लागतं. निदान आपल्या पायांचा भार त्यांच्यावर नको. म्हणून भाच्याचा एकच नियम: ‘‘पाय खडपार ठेव नको.’’ दमलात तर उताणे व्हा, जॅकेट धरून ठेवतं. मास्क काढून बोलायचं असेल तर बोटीच्या दोरीला धरा. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. आणि हात कुठल्याच खोबणीत घालू नका, दगडासारखे दिसणारे विषारी काट्यांचे मासे तिथेच बसतात.

जेलीफिश चिकटली तर चोळू नका, वाळूनं तर मुळीच नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोडं पाणी ओतू नका, चिकटलेले धागे चिमट्यानं अलगद उचलून काढा, आणि किनाऱ्यावर आल्यावर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास ठेवा. काटा रुतला, पाकटानं (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) मारलं तरी गरम पाण्याचाच आधार, पण पाकटाच्या जखमेला दवाखाना लागतोच. श्वासाला जड वाटलं तर एक मिनिट थांबू नका. उथळ वाळूत उतरताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत दडलेलं पाकट चाहूल लागून निघून जातं.

चाळीस मिनिटांत बोटांची टोकं सुरकुततात, दात वाजायला लागतात. दात वाजले की वर. पाणी कोमट वाटत असलं तरी अंगातली ऊब नेतंच. बोटीवर कोरडा पंचा आणि गरम चहाचा थर्मास ठेवायचा, आणि जेवणाच्या वेळी सोलकढी.

तोंडवळीची सावली

स्नॉर्कलिंगला दीड तास लागतो, उरलेल्या दिवसाचं काय? मालवणात आणि तारकर्लीत गर्दी असते. मी आचऱ्याच्या रस्त्यानं उत्तरेला तोंडवळीला जाते. एका बाजूला गड नदीचं पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची लांब पट्टी, आणि त्या पट्टीवर सुरूचं बन. खाली सुरूच्या काड्यांचा इतका जाड थर की पावलांचा आवाज येत नाही. दुकानं फारशी नाहीत, पाणी आणि खाणं बरोबर घ्या, आणि रिकाम्या बाटल्या परत आणा.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे सावलीच्या हिशोबात विसरायचं नाही. सकाळी सूर्य झाडांच्या मागे असतो, त्यामुळे सुरूची सावली वाळूवर पडते आणि नऊ-साडेनऊपर्यंत थंड वाळूवरून चालता येतं. दुपारी सूर्य समुद्रावर येतो आणि सावली मागे बनात सरकते. म्हणून दुपारी पाण्याकाठी चालायचं नाही, बनातून चालायचं. समुद्र खोडांमधून डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतो. दशमीला दुपारी पावणेदोनला ओहोटी. चारच्या सुमारास ऊन उतरतं तेव्हा पाणी अजून बरंच मागे असतं, ओली घट्ट वाळू मोकळी असते. तेव्हा बाहेर पडायचं आणि सूर्य बुडेपर्यंत चालायचं.

सुरूखाली बसा, माडाखाली बसताना वर बघा. नारळ आणि वाळलेली झावळ विचारून पडत नाही.

वाळू सुरू होते तिथे जांभळ्या फुलांचा एक वेल पसरलेला असतो, पानं आपट्यासारखी दुभंगलेली. ही मर्यादवेल. समुद्राची मर्यादा इथपर्यंत, असं जणू ती सांगते. तिच्या मुळ्यांनी वाळूचे उंचवटे धरून ठेवलेले असतात. गाडी तिच्यावरून वाळूत घालणारे लोक दिसले की मी जाऊन बोलते. आतापर्यंत बहुतेकांनी ऐकलंय.

ओल्या वाळूवर खाली बघत चाला. ओहोटी लागली की शेंगदाण्याच्या कुटाएवढ्या बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते, मधे एक बीळ आणि भोवती किरणांसारख्या रांगा. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं चाटूनपुसून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. उकिडवं बसून दहा मिनिटं हलायचं नाही, मग तो बाहेर येतो. माझ्या नातीला मी हे दाखवलं तेव्हा तिनं एका बिळाच्या ३८ गोळ्या मोजल्या आणि पाणी चढायला लागलं तशी रडायलाच लागली, कारण सगळी रांगोळी पुसली गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे नेलं तेव्हा नवी होती.

रापण लागलेली असेल तर थांबा. किनाऱ्यावरून दोन टोकांनी ओढायचं हे लांब जाळं, पंचवीस-तीस माणसं दोरीला लागलेली असतात. दोरी ओलांडून जाऊ नका, मागून वळसा घाला. फोटोच्या आधी हात लावा, दोरी ओढायला माणूस नको असं कधी होत नाही. मासे विकत घ्यायचे तर वाटे पडेपर्यंत धीर धरा.

नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत सिंधुदुर्गाच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि मोबाइलचे दिवे नकोत, माद्या उजेड बघून परत फिरतात. पहाटे वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी खूण दिसली तर तिच्यावरून चालू नका, गावात जाऊन सांगा. कुठल्या गावात कोण बघतं ते लोकांना माहीत असतं.

नदीच्या मुखाशी मात्र पाण्यात उतरायचं नाही, तोंडवळीच्या टोकाला तळाशीलकडेही नाही आणि देवबागला कर्लीच्या मुखाशीही नाही. वरून काचेसारखं दिसतं आणि ओहोटीला खालून ओढतं.

यायचं कसं: रेल्वेनं कुडाळ, तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी आणि रिक्षा दोन्ही. आम्ही कोल्हापूरकर फोंडा घाटानं कणकवलीला उतरतो. जून ते ऑगस्ट नको. नारळी पौर्णिमेला मालवणच्या धक्क्यावर समुद्राला नारळ देतात आणि होड्या निघतात, पण नद्यांचा गढूळपणा पुढेही बराच काळ टिकतो. दिवाळी होऊन गेल्यावर पाणी निवळतं. ख्रिसमस ते नववर्ष सोडा. एखादी दशमी मंगळवारी-बुधवारी येते, ती सोडू नका, रजा टाका.

घरी आलात की मास्क बादलीभर गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी सावलीत वाळवा, उन्हात रबर कडक होतं. काच खाली करून ठेवू नका. आणि मग कडक डब्यात, कपाटात वरच्या खणात. आमच्या घरी त्या डब्याच्या झाकणावर मी पुढच्या दोन दशम्यांच्या तारखा पेन्सिलीनं लिहून ठेवते.